रेडमाइनमध्ये इश्यू नोंदवताना: फॉर्म काय विचारतो आणि काय विचारत नाही

रेडमाइन ही सॉफ्टवेअरमधील चुका आणि कामे यांची नोंद ठेवणारी प्रणाली; तिच्यात ‘न्यू इश्यू’ (इश्यू म्हणजे अशी एक नोंद) या दुव्यावर टिचकी मारल्यावर जो फॉर्म उघडतो, तो मी गेली नऊ वर्षे जवळजवळ रोज पाहतो आहे. सांगलीतल्या आमच्या लहान कंपनीत पतसंस्थांसाठी ठेवी, कर्जे आणि व्याजआकारणीचे सॉफ्टवेअर तयार होते. त्याच्या चाचणीचे काम माझ्याकडे आहे, आणि ग्राहकांच्या तक्रारी रेडमाइनमध्ये नीट चढतात की नाही हे पाहण्याची जबाबदारीही हळूहळू माझ्याकडेच आली. त्यामुळे हे परीक्षण संपूर्ण रेडमाइनचे नाही. गँट आलेख (कामांचे तारखांनुसार चित्र), विकी (सर्वांना लिहिता येणारी पाने), मंच, वेळेची नोंद या सगळ्या सोयी त्यात आहेत आणि त्यांवर स्वतंत्रपणे लिहिता येईल. मला बोलायचे आहे ते केवळ नवा इश्यू टाकण्याच्या त्या एका पानाबद्दल, कारण चूक सापडलेला माणूस आणि ती दुरुस्त करणारा माणूस यांची गाठ प्रथम त्या पानावर पडते, आणि तिथे जे विचारायचे राहून जाते ते पुढे फोन करून, पत्रे पाठवून, कधी कधी प्रत्यक्ष शाखेत जाऊन विचारावे लागते.

ज्यांनी रेडमाइन वापरलेले नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. जाँ-फिलिप लांग यांनी ते २००६ मध्ये प्रसिद्ध केले. ते रुबी या प्रोग्रामिंग भाषेतील ‘रुबी ऑन रेल्स’ या सांगाड्यावर बांधलेले आहे आणि जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली मुक्त आहे. म्हणजे सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत, मात्र ते आपल्या सर्व्हरवर बसवणे, त्याचा बॅकअप घेणे आणि नव्या आवृत्त्या चढवणे हे काम आपल्याला करावे लागते किंवा कोणाला तरी पैसे देऊन करून घ्यावे लागते. रुबी या भाषेच्या चुका आणि सुधारणांची नोंदही रेडमाइनवरच ठेवली जाते, हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्यांच्या फॉर्ममधील एका रकान्याचा उल्लेख पुढे यायचा आहे.

आता फॉर्म. वर ट्रॅकर, म्हणजे इश्यूचा प्रकार, निवडायचा. रेडमाइनची मूळ मांडणी स्वीकारली तर बग, फीचर आणि सपोर्ट असे तीन ट्रॅकर मिळतात. त्याखाली विषय, मग वर्णनाची मोठी चौकट, मग दोन स्तंभांत रकान्यांची रांग: स्थिती, प्राधान्य, काम कोणाकडे द्यायचे, वर्ग, कोणत्या आवृत्तीत अपेक्षित, कोणत्या मोठ्या कामाचा भाग, सुरुवातीची तारीख, अखेरची तारीख, अंदाजे तास आणि किती टक्के झाले. शेवटी फाइली जोडण्याची जागा आणि ‘वॉचर’ म्हणून कोणाला कळवायचे त्यांची यादी. विषयासमोर लाल तारा असतो आणि तो कोरा ठेवला तर नोंद स्वीकारली जात नाही. वर्णन कोरे ठेवले तरी चालते.

या फॉर्मचे पहिले बलस्थान त्याच्या साधेपणात आहे. सगळे एका पानावर आहे, एकामागून एक पडदे उघडत नाहीत, आणि आमच्या कार्यालयातल्या जुन्या संगणकावरही पान पटकन येते. ट्रॅकर बदलला की त्या ट्रॅकरला लागणारे रकाने त्याच पानावर बदलून येतात आणि तोवर लिहिलेला विषय व वर्णन जागच्या जागी राहते. वर्गाला एखादा जबाबदार माणूस आधीच नेमून ठेवता येतो. इश्यू टाकणाऱ्याने ‘कोणाकडे’ हा रकाना कोरा सोडला तर नोंद आपोआप त्या माणसाकडे जाते. व्याजआकारणीचे काम कोण पाहतो हे आमच्या सपोर्टमधील नव्या मुलीला ठाऊक असण्याची गरज उरत नाही, ही मला मोठी सोय वाटते.

एकाच बैठकीत पाच-सहा चुका सापडल्या तर ‘क्रिएट अँड अ‍ॅड अनदर’ या बटणाने एक नोंद जतन होऊन लगेच दुसरा फॉर्म उघडतो. जुन्या इश्यूची प्रत काढून त्यात दोन शब्द बदलणेही शक्य आहे, आणि अशी प्रत कोणत्या मूळ इश्यूवरून घेतली तो संबंध रेडमाइन लिहून ठेवू शकते. पडद्याचे चित्र सरळ क्लिपबोर्डवरून वर्णनात चिकटवण्याची सोय २०१९ अखेरच्या ४.१ या आवृत्तीपासून आली. त्यापूर्वी चित्र आधी जतन करा, त्याला नाव द्या, मग जोडा, असा जो खटाटोप होता त्याला कंटाळून लोक चित्रच जोडत नसत. ही सोय आल्यापासून आमच्याकडे चित्राशिवाय येणारी तक्रार हा अपवाद झाला आहे.

इश्यूच्या क्रमांकाबद्दलही चांगले बोलले पाहिजे. रेडमाइनमध्ये सर्व प्रकल्पांना मिळून एकच क्रमांकमाला असते. जिरा या दुसऱ्या नोंदप्रणालीप्रमाणे प्रकल्पाचे अक्षरी उपपद पुढे लागत नाही, आणि इश्यू एका प्रकल्पातून दुसऱ्यात हलवला तरी क्रमांक तोच राहतो. ठेवींच्या प्रकल्पात टाकलेली तक्रार प्रत्यक्षात छपाईच्या प्रकल्पाची निघाली म्हणून तिकडे नेली, तरी ग्राहकाला फोनवर दिलेला क्रमांक खोटा ठरत नाही. ‘चार हजार एकशे सात’ एवढे सांगितले की पुरते.

एवढ्या गुणांनंतर मला ज्या मुख्य उणिवेबद्दल लिहायचे आहे तिच्याकडे येतो. वर दिलेली रकान्यांची यादी पुन्हा एकदा वाचून पाहावी. काम कोणाकडे द्यायचे, कधी सुरू करायचे, किती तास लागतील, किती टक्के झाले, कोणत्या आवृत्तीत बसवायचे, हे सगळे प्रश्न काम वाटून देणाऱ्याचे आहेत. चूक ज्याने पाहिली त्याला यांपैकी एकाचेही उत्तर ठाऊक नसते. त्याला जे ठाऊक असते, म्हणजे आपण काय करत होतो, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले आणि कोणती आवृत्ती चालू होती, त्यांपैकी एकही प्रश्न मूळ फॉर्म विचारत नाही. त्या सगळ्यासाठी एक कोरी चौकट आहे, आणि कोऱ्या चौकटीसमोर बसलेला घाईतला माणूस एकच ओळ लिहितो.

आमच्याकडे एका वर्षी मार्चअखेरीला ‘व्याज चुकते’ एवढ्याच विषयाचा इश्यू आला. वर्णनात ‘कृपया तातडीने पाहावे’ हे एकच वाक्य होते, प्राधान्य सगळ्यात वरचे निवडलेले होते आणि सोबत एका खात्याच्या उताऱ्याचे चित्र होते. खाते मुदत ठेवीचे की आवर्त ठेवीचे, मुदतीपूर्वी बंद केलेले की मुदत पूर्ण झालेले, ज्येष्ठ नागरिकांचा वाढीव दर लावायचा होता की नव्हता, यांपैकी काहीही त्यात नव्हते. आमच्या दोन प्रोग्रामरनी दोन दिवस मुदत ठेवीची आकारणी तपासली. चूक अखेर आवर्त ठेवीत, हप्ता उशिरा भरलेल्या खात्यांत सापडली. तक्रार लिहिणाऱ्या लिपिकाला खात्याचा प्रकार अर्थातच ठाऊक होता. आम्ही तो विचारलाच नव्हता. मार्चअखेरीच्या गर्दीत त्या माणसाने स्वतःहून सगळे लिहावे अशी अपेक्षा धरण्याचा आम्हाला अधिकार नव्हता, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

फॉर्म अनावश्यक प्रश्न विचारतो तेव्हा नुसता वेळ जातो असे नाही, खोटी माहितीही तयार होते. रेडमाइनची मूळ मांडणी नव्या इश्यूच्या ‘सुरुवातीची तारीख’ या रकान्यात आजचीच तारीख भरून ठेवते. तक्रार नोंदवली तो दिवस आणि काम हाती घेतले तो दिवस यांत कित्येक आठवड्यांचे अंतर असू शकते, पण भरलेला रकाना कोणी पुसत नाही. पुढे गँट आलेख उघडला की प्रत्येक काम नोंद झाली त्याच दिवशी सुरू झाल्यासारखे दिसते. व्यवस्थापनाच्या पानावर ही आपोआप भरणारी तारीख बंद करण्याचा पर्याय आहे, आणि रेडमाइन बसवणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी तो बंद करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

रुबीच्या नोंदवहीतील ज्या रकान्याचा उल्लेख मी वर केला तो इथे महत्त्वाचा ठरतो. तिथे बग नोंदवताना ‘रुबी -व्ही’ अशा नावाचा एक रकाना असतो. आपल्या संगणकावर ती आज्ञा चालवल्यावर रुबीची आवृत्ती, तिची तारीख आणि यंत्राचा प्रकार सांगणारी जी एक ओळ छापून येते, ती जशीच्या तशी त्यात चिकटवायची. रकाना एकच आहे, पण चूक शोधणाऱ्याला सर्वांत आधी जे विचारावे लागते त्याचे उत्तर त्यात अचूक येते, आणि ते देण्यासाठी नोंदवणाऱ्याला विचार करावा लागत नाही. चांगला फॉर्म कसा असावा याचे याहून नेमके उदाहरण मला माहीत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की हा रकाना मूळ रेडमाइनमध्ये नाही. त्यांनी तो रेडमाइनच्याच ‘कस्टम फील्ड’ या सोयीतून घडवला आहे.

म्हणजे रेडमाइनमध्ये क्षमता आहे, पण ती स्वतःहून पुढे येत नाही. आम्ही उशिरा का होईना, एक संपूर्ण दिवस देऊन फॉर्म बदलला, आणि हे करताना तीन वेगवेगळ्या पानांवर जावे लागले. ट्रॅकरच्या पानावर ‘बग’साठी न लागणाऱ्या मूळ रकान्यांसमोरची खूण काढता येते, तिथून आम्ही अंदाजे तास, टक्केवारी आणि सुरुवातीची तारीख काढून टाकली. ‘वर्कफ्लो’च्या पानावर कोणत्या भूमिकेच्या माणसाला कोणत्या स्थितीत कोणता रकाना सक्तीचा आणि कोणता केवळ वाचण्यापुरता हे ठरवता येते; तक्रार नोंदवणाऱ्यांसाठी आम्ही ‘कोणाकडे’ आणि ‘कोणत्या आवृत्तीत’ हे रकाने केवळ वाचण्यापुरते केले, आणि मग ते त्यांच्या नव्या फॉर्मवर दिसेनासेच झाले. ‘कस्टम फील्ड’च्या पानावर आम्ही खात्याच्या प्रकाराची यादी, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि ‘काय केले’, ‘काय व्हायला हवे होते’, ‘काय झाले’ असे तीन लांब मजकुराचे रकाने तयार करून ते सक्तीचे केले. लांब मजकुराच्या रकान्यात आधीपासून काही मजकूर भरून ठेवता येतो, त्यामुळे ‘काय केले’ या रकान्यात १, २, ३ असे आकडे तयारच दिसतात आणि माणूस पायऱ्यांनी लिहू लागतो.

वर्णनासाठी तयार साचा ठेवण्याची सोय मूळ रेडमाइनमध्ये नाही, ही उणीव मला सर्वांत जास्त जाणवते. गिटहब या प्रोग्राम ठेवण्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकल्पाला इश्यूचे साचे ठेवता येतात. रेडमाइनमध्ये त्यासाठी प्लगइन, म्हणजे वरून बसवायचे जोड-प्रोग्राम, आहेत, परंतु प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर प्लगइन चालेल की नाही ही चिंता वाढते, म्हणून आम्ही तो मार्ग घेतला नाही. त्याऐवजी एक साधी युक्ती उपयोगी पडते: नव्या इश्यूच्या पानाच्या पत्त्यातच ट्रॅकर, विषय आणि वर्णन यांची मूल्ये जोडून दिली तर फॉर्म ती भरूनच उघडतो. असे चार-पाच दुवे आम्ही विकीच्या पहिल्या पानावर ठेवले आहेत. पावती छापली जात नाही, पासबुकात नोंद उमटत नाही, अहवालाची बेरीज जुळत नाही, अशा नेहमीच्या तक्रारींसाठी सपोर्टचे लोक फॉर्म उघडतात ते त्या दुव्यांवरूनच.

वर्णनाच्या चौकटीतला एक धोका प्रोग्रामर मंडळींनी ध्यानात ठेवावा. रेडमाइन हॅश (#) चिन्हापुढील आकडा इश्यूचा क्रमांक समजून त्याचा दुवा बनवते. ही सोय एरवी फार चांगली आहे, परंतु पीएचपी या भाषेतील प्रोग्राम बिघडला की चूक कुठून आली याचा जो माग छापून येतो त्यात प्रत्येक ओळीची सुरुवात हॅश आणि आकड्यानेच होते. तो माग तसाच चिकटवला की दुसऱ्या ओळीपासून पुढच्या ओळी आपल्या नोंदवहीतील पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या इश्यूकडे बोट दाखवू लागतात, आणि ते इश्यू केव्हाच बंद झालेले असल्याने त्यांच्यावर काटही मारलेली दिसते. शिवाय टेक्स्टाइल ही रेडमाइनची जुनी लेखनपद्धत वापरात असेल तर ताऱ्यांमधला मजकूर ठळक होतो आणि हायफनांमधला मजकूर खोडलेला दिसतो. उपाय सोपा आहे: चौकटीवरच्या पट्टीतील बटणाने तो मजकूर ‘प्री’ खुणांमध्ये घालायचा, म्हणजे तो अक्षरशः जसा आहे तसा राहतो. जतन करण्यापूर्वी ‘प्रीव्ह्यू’ पाहण्याची सवय लावली तर ही चूक तिथेच दिसते.

तीच तक्रार आधी कोणी नोंदवली आहे का, हे रेडमाइन विषय लिहिताना सुचवत नाही. १९९८ पासून चालत आलेल्या बगझिला या अशाच नोंदप्रणालीमध्ये विषय टाइप केला की त्यासारख्या जुन्या नोंदी खाली दिसू लागतात, आणि आपली तक्रार त्यांत असली तर नवी टाकायची गरजच राहत नाही. रेडमाइनमध्ये आधी शोध घ्यायचा, तो वेगळ्या पानावर, आणि तो कोणी घेत नाही. दोन इश्यूंचा ‘डुप्लिकेट’ संबंध जोडता येतो, मूळ इश्यू बंद केला की त्याच्या डुप्लिकेट नोंदीही बंद होतात, हे चांगलेच आहे. परंतु असा संबंध नव्या इश्यूच्या फॉर्मवर जोडता येत नाही. आधी नोंद जतन करायची, मग तिच्या पानावर जाऊन जोडायचा. मार्च आणि सप्टेंबरअखेरीला, जेव्हा एकच चूक दहा शाखांतून येते, तेव्हा त्या दहा नोंदी हाताने एकमेकींना बांधण्यात माझी सकाळ जाते.

फॉर्म न उघडता इश्यू टाकण्याचे मार्ग तीन आहेत. ईमेलने टाकता येतो: पत्राचा विषय हा इश्यूचा विषय होतो, मजकूर वर्णन होतो, आणि परवानगी दिलेली असेल तर मजकुरातच ट्रॅकर किंवा प्राधान्य लिहून ठरवता येते; मात्र पाठवणाऱ्याचा पत्ता नोंदलेला नसेल तर मूळ मांडणीत असे पत्र दुर्लक्षित होते, म्हणून ग्राहकांना हा मार्ग देण्यापूर्वी त्यांची खाती उघडावीत. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या मजकुराच्या, फाइलवरून अनेक नोंदी एकदम आणता येतात. जुन्या एक्सेलच्या यादीतून बाहेर पडणाऱ्यांना एकदाच, पण फार उपयोगी पडते. एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलण्याच्या सोयीतून, दुसऱ्या प्रोग्रामलाही इश्यू टाकता येतो, आणि आमच्या रात्रीच्या चाचण्या फसल्या की तशी नोंद आपोआप तयार होते. या मार्गांनी आलेल्या नोंदींनाही सक्तीच्या रकान्यांचे नियम लागतात, ही गोष्ट एपीआय लावताना विसरू नये. रकाना कोरा राहिला तर विनंती नाकारली जाते आणि कारण उत्तरात लिहून येते.

मोबाइलवरून फॉर्म भरता येतो, पाने लहान पडद्याला जुळवून घेतात, पण एवढे रकाने अंगठ्याने भरणे कष्टाचे आहे. फाइलीच्या आकाराची मूळ मर्यादा ५१२० केबी, म्हणजे ५ एमबी आहे. पडद्याच्या चित्राला ती पुरते, मात्र फोनच्या कॅमेऱ्याने काढलेले छायाचित्र तिच्याबाहेर जाऊ शकते. शाखेतले लोक संगणकाच्या पडद्याचा फोटोच काढून पाठवतात, म्हणून आम्ही मर्यादा वाढवून घेतली.

राहिली मराठी. रेडमाइनचे अनेक भाषांत भाषांतर झालेले आहे, परंतु आम्ही बसवलेल्या आवृत्तीच्या भाषांच्या यादीत मराठी नाही. बटणे, सूचना आणि चुकांचे संदेश इंग्रजीतच येतात. देवनागरीत लिहिण्याला मात्र कुठेच अडथळा नाही: विषय मराठीत लिहिता येतो, शोध मराठी शब्दांनी घेता येतो, आणि महत्त्वाचे म्हणजे ट्रॅकर, स्थिती, प्राधान्य आणि कस्टम फील्ड यांची नावे आपण ठेवू ती राहतात. आम्ही ‘बग’ऐवजी ‘चूक’, ‘फीचर’ऐवजी ‘सुधारणा’ आणि ‘सपोर्ट’ऐवजी ‘मदत’ अशी नावे ठेवली, आणि ‘हाय’, ‘अर्जंट’, ‘इमिजिएट’ यांतील फरक कोणालाच सांगता येत नव्हता म्हणून प्राधान्याच्या पाच पायऱ्यांऐवजी तीनच ठेवल्या: ‘काम थांबले आहे’, ‘काम अडखळते आहे’, ‘सावकाश चालेल’. तातडी किती आहे हे विचारण्यापेक्षा काम थांबले आहे का हे विचारले की लोक नेमके उत्तर देतात. पूर्वी निम्म्याहून अधिक तक्रारी सर्वांत वरच्या प्राधान्याने येत असत. आता ‘काम थांबले आहे’ असे लिहून आलेली तक्रार मी हातातले काम बाजूला ठेवून उघडतो, आणि बहुतेक वेळा खरोखरच कुठल्या तरी शाखेत रोखपालासमोर रांग उभी असते.